मुलीकडचा साक्षीदार

हिंदुराव रणनवरे यांच्या मुलीनं पळून जाऊन लग्न केलं, त्याला चार वर्षं झाली. ‘पळून जाऊन’ हे शब्द त्यांचे. प्रत्यक्षात उत्कर्षा रिक्षानं गेली, तीही सकाळी, आईला ‘येते गं’ म्हणून. पण मुलगी रिक्षानं गेली असं सांगितलं तर बापाच्या दुःखाला वजन येत नाही.

त्या लग्नाबद्दल हिंदुरावांनी सगळ्यांना माफ केलं, आणि क्रमानं केलं. मूळचा माळशिरसकडचा माणूस, एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला. फलाटाला लागेल तशी गाडी सोडायची सवय. पहिली सुटली मुलगी, कारण ती बाळंतपणाला आली. मग जावई, रघुराम येमुल. घरात तेलुगू बोलणारी, माग चालवणारी माणसं, स्वभावानं गरीब. त्याला माफ केल्यापासून हिंदुरावांना टॉवेल विकत आणावा लागलेला नाही. व्याही-विहीण या लग्नावरून हिंदुरावांपेक्षा जास्त रडले होते, त्यामुळं तिथं माफ करण्यासारखं फारसं शिल्लक नव्हतं. नात ओवीच्या जन्मानंतर तर त्यांनी त्या ज्योतिषालाही माफ केलं, ज्यानं ‘लग्न वडिलांच्या संमतीनं, थाटात’ असं छातीठोक सांगितलं होतं.

राहिले एकटे गुरुबसप्पा हत्तरकी.

गुरुबसप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कॉलनीत या दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. रोज सकाळी शेजारच्या मैदानाला दोघं फेऱ्या मारायचे आणि कॉलनीतलाच मी त्यांच्याबरोबर असायचो. दोन माणसं तावातावानं बोलत असली की कोणीतरी ‘हूं’ म्हणायला लागतं. ते काम माझ्याकडं होतं.

तर, लग्न नोंदवायला तीन साक्षीदार लागतात. मुलाकडचे दोन आले. मुलीकडून कोणी नव्हतं. तिसरी सही गुरुबसप्पांनी केली.

हिंदुरावांना हे कळलं ते मुलीनं दुपारी पाठवलेल्या फोटोवरून. फोटोत मुलगी, जावई, दोन हार, आणि मागं गुरुबसप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून, नेमके डोळे मिटून. हिंदुरावांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. बापानं मुलीचा चेहरा मोठा करून बघावा, तर यांनी शर्ट बघितला.

कारण तो शर्ट त्यांनी सकाळीच बघितला होता.

‘आज इस्त्री?’ फेरी मारताना त्यांनी विचारलं होतं. ‘कुटं निघालास?’

‘दाताच्या डॉक्टरकडं.’

‘दाताला इस्त्री कशाला लागती?’

‘डॉक्टर आधी माणूस बघतंय बे, मग दात.’

यावर हिंदुराव इतके हसले की फेरी थांबवावी लागली. वर म्हणाले, ‘दात काढला तर चावायचे वांधे हुतील. दुपारी आमच्याकडनं मऊ भात धाडतो.’ आणि शब्दाला जागले. त्यांच्या बायकोनं, प्रेमलावहिनींनी, मऊ भात शिजवला, वर तुपाची धार धरली, आणि हिंदुरावांनी स्वतः डबा नेऊन शेजारच्या दाराला अडकवला. ते घरी येऊन पंख्याखाली बसतात तोवर फोटो आला.

‘पोरीनं फसवलं ते चालतंय,’ ते मला पुढं अनेकदा म्हणाले. ‘पोरं बापाला फसवत्यातच. पण ह्या माणसानं पोरीच्या लग्नाची सही केली आन् वर माझ्या घरचा मऊ भात खाल्ला. न चावता!’

त्या दिवसापासून बोलणं बंद. फेऱ्या मात्र दोघांनाही सोडवेनात, कारण दोघांनाही साखर. मग हिंदुरावांनी दिशा बदलली. गुरुबसप्पांचं तोंड बघायला नको म्हणून ते मैदानाला उलटे फिरू लागले. गोल मैदानात दोन माणसं उलट्या दिशांनी फिरली, की प्रत्येक फेरीला दोनदा समोरासमोर येतात, हा हिशेब आयुष्यभर गाड्यांचं वेळापत्रक सांभाळलेल्या माणसाच्या लक्षात आला नाही. आला तेव्हा उशीर झाला होता. माघार घेतली असं दिसलं असतं. त्यामुळं पूर्वी जे एकमेकांच्या बाजूनं चालत, ते आता रोज एकमेकांच्या तोंडावर चालून जात. समोर आले की हिंदुराव आभाळाकडं बघत, गुरुबसप्पा चपलांकडं. मी एक फेरी याच्याबरोबर, एक त्याच्याबरोबर करी. ‘हूं’ म्हणायला आता काही नव्हतं, पण सवय.

मध्यस्थी मी केली, नाही असं नाही. हिंदुरावांची अट साधी होती.

‘त्याला म्हणाव, चुकलं म्हण. एकदाच. हितं, मैदानात, मोठ्यानं.’

मी पुढच्या वळणावर दिशा बदलून गुरुबसप्पांना गाठलं आणि अट सांगितली.

‘चुकलं कसं म्हणू?’ ते म्हणाले. ‘मी चुकलं म्हणालो तर त्या पोरीचं लग्न चुकलं असं होतंय की. ती लेकरू कडेवर घेऊन माझ्या दारावरनं जाते. तिला काय तोंड दाखवू?’

हे मी परत आणून पोचवलं. हिंदुरावांनी आभाळाकडं बघितलं, समोर कोणी नसताना.

‘बरोबर हाय त्याचं,’ ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘म्हणून तर जास्त राग येतो.’

यंदा मार्गशीर्षात बातमी आली की गुरुबसप्पा हुबळीला चालले, मुलाकडं, विरेशकडं, कायमचे. बायको, नागम्मावहिनी, गेल्यापासून घर खायला उठत होतं, आणि गुडघे आता ऐकत नव्हते. घर भाड्यानं दिलं. वळसंगच्या पुढची थोडी जमीन होती, तीही कसणाऱ्या वाटेकऱ्यालाच देऊन टाकायची ठरली. येळवस झाली की निघायचं.

‘जाऊ दे की,’ हिंदुराव म्हणाले. मग मला त्याच दिवशी चार वेळा विचारलं की गाडी कुठली, दिवसाची की रात्रीची, आणि सामान कोण बांधतंय.

येळवस म्हणजे आमच्या या भागातली मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि जेवायचं. ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जायचं. बांधावरून जाणारा वैरी असला तरी त्याला हाक मारायची, आणि वैऱ्यानंही नाही म्हणायचं नाही. बारा महिने कोर्टात भांडणारी भावकी त्या दिवशी एकमेकांची ताकातली आंबील पिते आणि दुसऱ्या दिवशी ताजीतवानी होऊन पुन्हा कोर्टात जाते. पूर्वी हिंदुराव दर येळवसेला गुरुबसप्पांच्या रानात असत. गेली चार वर्षं त्या दिवशी त्यांचा उपास असे. कुठल्या देवाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

यंदा उत्कर्षा गाडी घेऊन आली. मैत्रिणीच्या शेतावर जायचंय, म्हणाली. पुढं ती आणि प्रेमलावहिनी मांडीवर ओवीला घेऊन, मागं हिंदुराव आणि मी. अक्कलकोट रस्त्याला लागलो तेव्हा हिंदुराव नातीला ज्वारी दाखवत होते. वळसंग मागं पडलं, गाडी ओळखीच्या बाभळीपाशी डावीकडं वळली, आणि ज्वारी दाखवणारा त्यांचा हात खाली आला.

‘आमच्या घरात दगाबाजी रक्तातच हाय,’ ते मला म्हणाले.

गाडी बांधाशी थांबली. सगळे उतरले. हिंदुराव उतरले नाहीत, म्हणून मीही उतरलो नाही. समोर कोप होती, हरभऱ्याचा हिरवा पट्टा होता, आणि कोपीच्या तोंडाशी गुरुबसप्पा उभे होते, हात कुठं ठेवावे ते न कळून.

वाटेकऱ्याची बायको रंभाबाई तरातरा गाडीपाशी आली. ‘आजारी हायती व्हय?’

‘नाही,’ उत्कर्षा म्हणाली, ‘रागात आहेत.’

‘मग जेवायला काय हुतंय? रागात तर दोन घास जादाच जात्यात. ओ दादा, उतरा. येळवसेला बांधावरनं उपाशी माणूस गेला तर सालभर आमी तोंड कुटं लपवायचं?’

‘मी ह्या माणसाच्या रानात पाय ठेवणार न्हाय.’

रंभाबाईनं विचार केला आणि पत्रावळी गाडीतच आणल्या. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. वासानं मला तर धीर निघेना. हिंदुरावांनीही विचार केला.

‘गाडी कुणाची?’ त्यांनी मला विचारलं.

‘जावयाची.’

‘म्हंजे आपण जावयाच्या घरात बसलोय. जावयाच्या घरात जेवायला काय हरकत न्हाय.’ आणि त्यांनी उंडा मोडला.

पण आंबील राहिली होती. रंभाबाई म्हणाली, आंबील यजमानानंच वाढायची. गुरुबसप्पा मातीचं भांडं घेऊन, एक गुडघा सांभाळत, गाडीकडं यायला लागले. हिंदुरावांनी खिडकीची काच वर करायचं बटण दाबलं. काच हलली नाही. किल्ली उत्कर्षाच्या पर्समध्ये होती. काच अर्धी उघडी, तशीच राहिली.

‘आंबील,’ गुरुबसप्पा खिडकीतून म्हणाले, माझ्याकडं बघत.

‘त्याला सांग, मला सोसत न्हाय,’ हिंदुराव म्हणाले, माझ्याकडं बघत.

‘त्यांना म्हणाव, इतकी वर्षं सोसली की.’

‘त्याला म्हणाव, तवा लई काय काय सोसत हुतं.’

मी खीर खात होतो. माझ्या तोंडात घास असल्यामुळं निरोप पुढं जाईनात. शेवटी गुरुबसप्पांनी भांडं गाडीच्या टपावर ठेवलं आणि सरळ आत बघितलं.

‘हिंदुराव, परवा जातोय मी. परत येणं काय होत नाही आता. होगली बिडू.’

‘होगली बिडू’ म्हणजे कानडीत जाऊ दे, सोड. दूध नासलं तरी ते एवढंच म्हणत, आणि नागम्मावहिनींना पोचवून आले त्या दिवशीही एवढंच म्हणाले होते.

हिंदुराव पेटले. ‘काय बिडू? काय सोडू? सही केलीस, कर. पोरीला आशीर्वाद दिलास, दे. पण सकाळी मी तुला विचारलं. कुटं निघालास म्हणून मी विचारलं! आयुष्यात दुसरं कुनाला मी असं हसून विचारत न्हाय. आन् तू दाताचं नाव सांगितलंस. मी हसलो. मला खुळ्यावानी हसू दिलंस.’

‘ते चुकलं,’ गुरुबसप्पा म्हणाले.

हिंदुराव थांबले. चार वर्षं ते या शब्दांची वाट बघत होते, पण आले तर काय करायचं, याची तयारी त्यांनी केली नव्हती.

‘सहीचं नाही,’ गुरुबसप्पा पुढं म्हणाले. ‘सही उद्या पण करीन. दाताचं चुकलं. तुझ्याशी खोटं बोलायला नको होतं.’

‘मग खरं सांगायचं हुतंस! आधी न्हाय तर न्हाय, दुसऱ्या दिवशी तरी? का केलंस म्हणून किती येळा निरोप धाडला!’

गुरुबसप्पांनी मागं वळून बघितलं. मागं प्रेमलावहिनी उभ्या होत्या. ‘होगली बिडू,’ ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी त्यांना.

‘नको भाऊजी,’ प्रेमलावहिनी म्हणाल्या. ‘तुम्ही परवा जाल, मग हे माझ्या एकटीच्या उरावर राहील.’ त्या खिडकीशी आल्या. ‘अहो, त्यांना मी पाठवलं होतं.’

हिंदुरावांच्या हातात उंड्याचा तुकडा तसाच राहिला.

‘पोरगी मला सांगून गेली. मला जाता येईना, तुम्ही घरात. पण तिच्या पाठीमागं आपल्या घरचं म्हणून कुणीच नसावं? मी भाऊजींच्या पाया पडले. तुमच्या कानावर घालायचं नाही म्हणून शपथ घातली. ते नकोच म्हणत होते.’

‘आन् मऊ भात?’ हिंदुरावांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. ‘भात तू शिजवलास.’

‘सकाळपासून उपाशी होते ते. पोटात काहीतरी नको?’

हिंदुरावांनी उत्कर्षाकडं बघितलं. ती ओवीच्या टोपीची नाडी बांधत होती, बांधलेली असताना. मग त्यांनी दार उघडलं, ज्या रानात पाय ठेवायचा नव्हता त्यातून आडवे चालत गेले, आणि पार विहिरीच्या पलीकडच्या बांधावर जाऊन बसले.

मी थोड्या वेळानं गेलो. आधी गेलो असतो, पण खीर टाकवेना.

‘तुला म्हाईत हुतं?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘खरं?’

‘मला कोणी सांगितलंच नाही.’ हे म्हणताना माझाही आवाज थोडा चढला असावा.

‘बघ,’ ते म्हणाले, ‘कसं वाटतंय.’

हरभऱ्याचा एक डहाळा त्यांनी उपटला आणि घाटे सोलून तसेच खाली टाकू लागले.

‘चार वर्सं रोज सकाळी फिरून आलो की मी चहा घेत गुऱ्याला शिव्या दिल्या. तिच्यासमोर. ती काय करत हुती म्हाईत हाय?’

‘ऐकून घेत होत्या?’

‘चहा गाळत हुती.’

मला हसू आलं, ते मी विहिरीकडं बघून जिरवलं. माझ्या मनात आलं, या माणसाचा राग चार वर्षं भलत्याच पत्त्यावर जात होता, आणि शेजारचा माणूस तो रोज मुकाट्यानं उतरवून घेत होता. म्हणालो मात्र नाही.

‘बायको, पोरगी, दोस्त,’ हिंदुराव म्हणाले. ‘एकालाबी वाटलं न्हाय की ह्याला सांगून बघू. कदाचित ऐकंल. तिघांनी परस्पर ठरवलं, हा न्हायच म्हणणार.’

‘म्हणाला असतात ना?’

‘म्हणालोच असतो!’ ते ओरडले. मग खाली बघत म्हणाले, ‘पण त्यांना वाटायला पायजे हुतं की म्हणणार न्हाय.’

यावर मला ‘हूं’ सुद्धा म्हणता येईना. ऊन कलायला लागलं होतं. कोपीपाशी रंभाबाई भांडी आवरत होती आणि गुरुबसप्पा एकटेच एका पोत्यावर बसले होते. पुढ्यात पान नव्हतं.

‘त्यानं खाल्लं का?’ हिंदुरावांनी एकाएकी विचारलं.

‘नाही. पाहुणा जेवल्याशिवाय यजमान जेवत नाही.’

‘म्हंजे माझ्यासाठी बसलाय?’

‘तुमचं पान अर्धं टाकून आलात.’

‘साखरेची गोळी घेतो तो सकाळी,’ हिंदुराव म्हणाले. ‘येळ किती झाला बघ. चक्कर येऊन पडंल, मूर्ख माणूस.’ आणि उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवून, अगदी गुरुबसप्पांसारखेच उठले. मी मागोमाग गेलो.

कोपीपाशी जाऊन ते पोत्यावर बसले, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

‘वाढ,’ ते म्हणाले. ‘मी जेवल्याबिगर तू जेवणार न्हाइस म्हणून जेवतोय. माफ केलं म्हणून न्हाय.’

‘मी माफी मागितली पण नाही,’ गुरुबसप्पा म्हणाले.

‘मागितली असतीस तर दिली नसती.’

गुरुबसप्पांनी आंबील ओतली. दोघं जेवले. प्रेमलावहिनी वाढायला वाकल्या तेव्हा हिंदुरावांनी पानावर आडवा हात धरला. मग रंभाबाईनं वाढलं. तेवढं त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

हात धुताना हिंदुरावांनी विचारलं, ‘हुबळीत मैदान हाय का घराजवळ?’

‘आहे म्हणतंय विरेश.’

‘कुनासंगं फिरणार?’

‘कोण ओळखतंय तिथं मला?’

हिंदुरावांनी हात पुसायला फार वेळ घेतला. ‘उद्या सकाळी ये मैदानात,’ ते म्हणाले. ‘माझं बोलून व्हायचं हाय. पुष्कळ साठलंय. तू गेल्यावर मी कुनाला बोलू?’

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच दिशेनं निघाले. गुरुबसप्पांच्या गुडघ्यामुळं एकच फेरी, तीही बैलगाडीच्या चालीनं. हिंदुरावांनी तोंड सोडलं. खोटारडा, भित्रा, बायकांच्या पदराआडून दोस्ताला फसवणारा, अशी सगळी यादी मोठ्यानं, मैदानात, झाडून सगळ्या फिरणाऱ्यांसमक्ष. गुरुबसप्पा ऐकत होते. मधेच म्हणाले, ‘भात मात्र चांगला होता बे.’ हिंदुराव आणखी दहा पावलं रागानंच चालले, मग थांबले, आणि कठड्याला धरून हसले. हसता हसता त्यांनी रुमाल काढला. तो त्यांनी बराच वेळ चेहऱ्यावरून काढला नाही. उरलेली फेरी दोघंही गप्प चालले. शिव्या संपल्या होत्या आणि दुसरं काही बोलायला वेळ उरला नव्हता.

पुढच्या दिवशी विरेशची गाडी उजाडता उजाडताच आली. हिंदुरावांनी मिठी वगैरे मारली नाही. टपावरच्या सामानाचा दोर दोनदा ओढून बघितला, एक गाठ सोडून पुन्हा मारली, पोराला कुठल्या रस्त्यानं जायचं ते सांगितलं. गाडीतून गुरुबसप्पांनी हात बाहेर काढला. हिंदुरावांनी तो क्षणभर धरला आणि आत ढकलला. ‘काच लाव. गार हाय.’

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. प्रेमलावहिनी फाटकाशी उभ्या होत्या. दोन दिवस त्या घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं, हे भिंतीला कान न लावताही आम्हाला कळत होतं.

‘आणि माझं काय?’ त्यांनी विचारलं.

‘तुझं बघू,’ हिंदुराव रस्त्याकडंच बघत म्हणाले. ‘तो चालला हुता, म्हणून त्याला आधी घेतलं. तू कुटं चाललीस?’

‘कुठं नाही.’

‘मग झालं तर.’

वहिनी आत गेल्या. हिंदुरावांनी फाटक लोटलं. मग माझ्याकडं वळले, खालच्या आवाजात म्हणाले, ‘चार वर्सं एका माणसावर राग काढला. आता नव्यानं दुसऱ्यावर धरायचा म्हंजे अंगात ताकद पायजे. किती येळ जमंल मला, तुला काय वाटतंय?’

‘तुम्हीच सांगा.’

त्यांनी आतल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

‘जेवणापत्तूर जमंल,’ ते म्हणाले.

त्या दिवशी मात्र ते बरेच उशिरा जेवले.